दिघोरीच्या रेणूची नोंद माझ्यात होती

मित्रांनो, माझं वय बारा वर्षं. तुमच्यात हे वय पतंग उडवायचं, आमच्यात अडगळीत जायचं. मी एक्सएमएल नावाच्या पद्धतीने लिहिलेली एक फाइल आहे. भंडारा जिल्ह्यातल्या एका सेवाभावी संस्थेच्या संगणकात, 'जुने' असं नाव दिलेल्या फोल्डरमध्ये मी पडून असते. मला कोणी उघडत नाही. न उघडोत बापडे! पण माझ्यावर जो आळ घातला गेला, तो मला मान्य नाही.

मला दीपमालाताईंनी घडवलं. आपल्या भागात सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार आहे. तो आईवडिलांकडून मुलांत येतो. ज्याच्यात त्याचा अर्धाच वाटा असतो, त्याला वाहक म्हणतात. वाहकाला स्वतःला सहसा काही त्रास नसतो, पण नवरा-बायको दोघंही वाहक असले तर बाळाला पुरा आजार होऊ शकतो. म्हणून ताई शाळाशाळांतून मुलांच्या बोटांना सुई टोचत फिरायच्या आणि संस्थेत परतल्यावर एकेक नोंद माझ्यात भरायच्या.

माझी रचना सोपी आहे. तुमच्या आईच्या डब्यांवर जशा चिठ्ठ्या असतात, तशा माझ्यात प्रत्येक माहितीच्या आधी आणि नंतर खुणा असतात. हे नाव, हे गाव, हा रक्ताचा निकाल. शिवाय प्रत्येक मुलाला एक नंबर. वाहक निघालेल्या मुलाला ताई पिवळं कार्ड द्यायच्या आणि त्यावर तोच नंबर लिहायच्या. नववीत शिकणारी दिघोरीची रेणू केशवराव रामटेके हिचा नंबर चारशे बारा होता. निकाल, वाहक.

काही वर्षांनी वीरेंद्र नावाचा प्रोग्रामर आला. त्याने माझ्यावर एक वेबपान बांधलं. त्या पानावर आधीपासून काहीच लिहिलेलं नसतं. कोणी विचारणा केली की ते माझ्यात शोधतं आणि मिळालेलं उत्तर त्याच क्षणी दाखवतं. मग गरोदर बायकांची दुसरी फाइल आली आणि तिला माझ्याशी जोडायचं ठरलं. कशाने जोडायचं? वीरेंद्र म्हणाला, पूर्ण नावाने.

दीपमालाताई खुर्चीवरून उठल्याच. "अरे भाऊ, लगन झालं का पोरीचं बापाचं नाव जाते, आडनाव जाते. तुह्या मशीनले ते कसं समजंल? नंबरानं जोड."

"नंबर कोणाले आठवते जी ताई?" वीरेंद्र हसून म्हणाला. "कार्डं तं हरवून टाकतेत. नाव सगळ्यायले आठवते."

स्वतःच्या तिन्ही बहिणींची नावं लग्नात बदललेली, आणि हा शहाणा असं बोलत होता! एवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं. पण उद्घाटनाच्या आदल्या दिवशी संस्थेचे साहेब म्हणाले की नोंद सापडली नाही तर पान रिकामं राहतं, ते पाहुण्यांपुढे बरं दिसत नाही. वीरेंद्रने एक ओळ घातली. माझ्यात काही सापडलं नाही, तर पानावर हिरव्या अक्षरांत 'दोष नाही' असं यावं. दुसऱ्या दिवशी नारळ फुटला, टाळ्या पडल्या, पानाचं कौतुक झालं. दीपमालाताईंना मागच्या रांगेत खुर्ची मिळाली. माझं नावही कोणी घेतलं नाही.

रेणूचं लग्न कारध्याच्या अनुप मेश्रामशी झालं. दिवस गेल्यावर तिसऱ्या महिन्यात ती अनुपला घेऊन संस्थेच्या दवाखान्यात आली. तिथल्या नर्सने, सरिताने, दोघांची नावं पानावर टाकली. अनुप मेश्राम जन्मापासून अनुप मेश्रामच होता. तो लगेच सापडला, तो वाहक होता. मग मला विचारलं गेलं, रेणू अनुप मेश्राम आहे का?

माझ्यात रेणू केशवराव रामटेके होती. मी 'नाही' म्हटलं. दुसरं काय म्हणणार? आणि पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली.

"पण मॅडम, मले शाळेत पिवळं कार्ड भेटलं होतं जी," रेणू चाचरत म्हणाली. "मायजवळ असंल, दिघोरीले."

"तुह्या नवऱ्यात आहे, तुह्यात नाही. कम्प्युटरमंधी साफ येऊन राहिलं, पाह्य," सरिताने पडदा तिच्याकडे वळवला. "शाळेतले कार्ड इकडचे तिकडे होतेत. काही भेव नको धरू."

त्या वेळी पोटातल्या बाळाची तपासणी करता आली असती. निदान नवरा-बायकोला कळलं असतं, विचार करून काय ते ठरवता आलं असतं. पण पडद्यापुढे रेणूचा शब्द खोटा ठरला. ती अनुपच्या गाडीवर मागे बसून घरी गेली. माझ्या आत चारशे बारा नंबर जागच्या जागी होता, मित्रांनो. मला ओरडता येत नाही, याचा इतका संताप मला कधी आला नव्हता.

मुलगी झाली. तिचं नाव दामिनी. आठव्या महिन्यात तिचे हातपाय सुजले, ती रडून रडून निळी पडली. रक्त तपासलं, तर पुरा आजार. तेव्हा रेणूने माहेरून कार्ड आणलं आणि टेबलावर आपटलं. "मी सांगून राहिली होती तवा काहून आयकलं नाही? माह्या तोंडाले काही किंमतच नाही का?"

सरिताने दीपमालाताईंना हाक मारली. दीपमालाताई धावत आल्या, त्यांनी पान बाजूला ठेवून थेट माझ्यात नंबर टाकला आणि मी डोळ्याची पापणी लवायच्या आत उत्तर दिलं. ताई तिथेच डोळ्याला पदर लावून रडल्या. साहेबांनी मात्र अहवालात लिहिलं, 'फाइल जुनी व सदोष होती.' मला या फोल्डरमध्ये टाकलं आणि माझ्याच नोंदी उचलून नवी फाइल केली. पान तेच राहिलं. त्याला फक्त निळा रंग दिला.

मित्रांनो, तुमच्यातलं कोणी उद्या असं पान बांधेल. सापडलं नाही तर सापडलं नाही असंच लिहा. त्याने तुमची लाज जाणार नाही. आणि समोरची बाई काही सांगत असेल, तर पडद्यावरची नजर काढून आधी तिचं ऐका.

नव्या फाइलमध्ये दामिनी अनुप मेश्राम हिची नोंद झाली आहे. वय दोन वर्षं, निकाल आजारग्रस्त. जोड अजून नावानेच आहे. आज ना उद्या तिचंही नाव बदलेल. तोवर कोणीतरी ती 'दोष नाही'ची एक ओळ दुरुस्त करा रे.