धरलेली जागा

“ह्यांची नजर उजवीकडं हाय,” मुजाहिदनं स्क्रीनवरचा चेहरा मोठा केला. “त्या बाजूला कुणीतरी पाहिजे. न्हाईतर ते कनातीकडं बघून हसून राहिलेत असं वाटंल.”

वसमतच्या त्या स्टुडिओत अनुसयाबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. शेजारी लग्न ठरलेली लेक, मोहिनी. मागं धाकटा दीर शिवहार. अनुसयाबाईंचे यजमान मसाजी गेल्याला दोन वर्षं झाली होती. त्यांचा उभा फोटो एकच, शिवहारच्या लग्नातला. त्यातून त्यांना उचलून मोहिनीच्या लग्नातल्या फोटोत बसवायचं होतं. हल्ली बरेच लोक असं करून घेत.

“ह्या फोटोत उजेड डावीकडून पडलाय,” मुजाहिद सांगत होता. “म्हणून आपण बी हळदीनंतर, वऱ्हाड यायच्या आधी, सकाळच्या उन्हात काढू. सावल्या बराबर जुळतील. इकडं नवरी, मधी एका माणसाची जागा मोकळी. पलीकडं कोण?”

“आई,” मोहिनी म्हणाली.

शिवहार खाकरला. “वहिनी, राग मानू नका. मला काय न्हाई. पण लगीन लागायच्या आधी, नवरीजवळ... लोकं नावं ठेवतात. पलीकडं तुमची जाऊ उभी राहील.”

“मग बाबा काकूकडं बघून हसतील का?”

मुजाहिदनं हसू आवरायला माउसची वायर सरळ केली.

अनुसयाबाई स्क्रीनकडं बघत होत्या. त्या दिवशी त्यांच्या हातात वरणाची बादली होती. फोटोवाल्यासमोर उभं राहून मसाजींनी हाक मारली होती, “ये की इकडं.” त्या म्हणाल्या होत्या, “नंतर.” मसाजी हसले, आणि तेवढ्यात फोटो निघाला. हे सगळं त्यांना नीट आठवत होतं. आठवून काहीच होत नव्हतं.

“एक विचारायचं राहिलं, काकू.” फ्रेम सोनेरी हवी की काळी, असं विचारावं तसा मुजाहिदचा आवाज होता. “फोटोत काका जित्ते असणार. मग तुमच्या कपाळाला कुंकू लावू का? कंप्युटरवरच होतं. मंगळसूत्र बी.”

मोहिनीनं आईकडं बघितलं. शिवहारनं बघितलं नाही.

“नको,” अनुसयाबाई म्हणाल्या. “एकदा पुसलंय. दोनदा कशाला?”

शिवहार मुजाहिदला म्हणाला, “वहिनीच उभ्या राहतील. सकाळीच या मग.”

परतीच्या एसटीला गर्दी होती. अनुसयाबाईंनी कमरेची दस्ती काढली आणि खिडकीतून आत सीटवर टाकली. ही मसाजींची रीत. रुमाल पडला की जागा धरली; मग कितीही रेटारेटी होवो, त्या सीटवर कुणी बसत नसे. गाडीत मोहिनी खिडकीकडं तोंड करून रडली. आपल्यालाही रडू येईल म्हणून अनुसयाबाईंनी वाट बघितली. गावचा फाटा आला.

लग्नाच्या सकाळी मुजाहिदनं मांडवाच्या तोंडाशी कॅमेरा लावला. हळदीनं पिवळी झालेली मोहिनी एका बाजूला, अनुसयाबाई दुसऱ्या बाजूला, मध्ये मोकळी जमीन. तो कॅमेऱ्यात बघतो तोच शेजारच्या चंदाबाई येऊन मध्ये उभ्या राहिल्या.

“एवढं लांब लांब काहून उभ्या गं मायलेकी? भांडून राहिल्या का?”

“मावशी, जरा सरका,” मुजाहिद म्हणाला.

“का रं बाबा? मी काय काळी दिसते?”

अनुसयाबाईंनी कमरेची दस्ती काढली, वाकल्या आणि चंदाबाईंच्या पायाशी जमिनीवर टाकली.

चंदाबाईंचा अर्धा जन्म एसटीत गेलेला. त्यांनी दस्तीकडं बघितलं, अनुसयाबाईंच्या कपाळाकडं बघितलं, आणि लुगडं सावरत बाजूला झाल्या.

“राहू द्या दस्ती,” मुजाहिद हळू आवाजात म्हणाला. “मी नंतर पुसून टाकीन. काकू, इकडं बघा.”

त्यांनी बघितलं.

फोटो झाला. मोहिनीला बायकांनी आत नेलं. अनुसयाबाईंनी दस्ती उचलली, माती झटकली, चार घड्या घालून कमरेला खोचली, आणि वरणाला फोडणी पडली का ते बघायला मांडवामागं गेल्या.