वाढप्याचं पान

मित्रांनो, मी एक जुनी चाकाची खुर्ची आहे. जन्मभर लोकांना बसवलं. आज तुम्ही जरा टेका आणि मला बोलू द्या.

कुठल्याशा कारखान्यात माझ्या नळ्या वाकवल्या, चाकं चढवली आणि मला बाहेर ढकललं. त्यातलं फारसं आठवत नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते चर्चच्या मागच्या लांबट खोलीत. तिथे बंधुमंडळ जमायचं. बंधुमंडळ म्हणजे कुणी बडी धेंडं नव्हेत बरं का! एक बेकरीवाला, एक सुतार, एक टेम्पोवाला, एक शिंपी आणि असेच आणखी काही. दिवसभर पोटामागे धावायचं आणि संध्याकाळी प्रार्थना करून दुसऱ्याच्या अडीनडीला धावायचं. घरोघरची रद्दी गोळा करून त्यांनी मला विकत घेतलं. कुणाचं हाड मोडलं, कुणाचं ऑपरेशन झालं, की मी त्या घरी जायची. माणूस बरा झाला, की परत माझ्या कोपऱ्यात.

मंडळाची एक रीत होती. कुणाच्या दारी एकट्याने जायचं नाही, जोडीने जायचं. एकाने सामान वाहायचं, दुसऱ्याने बोलायचं. आजारी माणसाला सामानाइतकीच बोलण्याचीही गरज असते ना! माझी जोडी ठरलेली. सुतार मला उचलायचा, बेकरीवाला तोंड चालवायचा. पण जिना आला की दोघांनाही हात लावावा लागायचा.

"दम लागला का रे? स्वतःचे पाव जरा कमी चाखत जा," सुतार खालून म्हणायचा.

"तू चाक बघ, माझं पोट बघू नकोस," वरून उत्तर.

मी मध्ये लोंबकळत हसायची.

काय दिवस होते ते! पाय घसरलेल्या एका मास्तरीणबाई माझ्यावर बसून पोरांना पाढे शिकवायच्या. एका म्हातारीने मला परत देताना नव्या सुनेसारखं पुसून लखलखीत केलं होतं. माझा पाय ठेवायचा पत्रा तुटला, तेव्हा सुताराने सागाची फळी घासूनपुसून बसवली. लोखंडाला लाकडाचा पाय! पण तोच सगळ्यांना आवडायचा.

आता मनाला टोचतं ते सांगते.

एकदा एका बंधूने मंडळाची मोठी ताडपत्री स्वतःच्या छपरावर टाकली. तेव्हा भर बैठकीत सुतार उठला. एरवी चार शब्द बोलायचा नाही, त्या दिवशी कडाडला, "आपण वाढपी आहोत. वाढप्याने पंगत सोडून आधी स्वतःचं पान वाढून घ्यायचं नसतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या दिवसापासून नियमच झाला. मंडळाची वस्तू बंधूच्या घरी जायची नाही.

पुढे चर्चचा दरवाजा वाळवीने खाल्ला. नवा दरवाजा सुताराने करायला घेतला. किती महिने त्यावर रंधा मारत होता! दोन्ही फळ्या तयार झाल्या, बिजागऱ्या तेवढ्या लावायच्या राहिल्या, आणि त्याची डावी बाजू लुळी पडली. दरवाजा इतरांनी बसवला. सुतार मात्र तिसऱ्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर अंथरुणात.

बंधू दर रविवारी जोडीने त्याला भेटायला जायचे. फळं न्यायचे, प्रार्थना करायचे, थट्टा करायचे. टेम्पोवाल्याला सगळे भोंगा म्हणायचे, कारण त्याच्या पोटात काही राहायचं नाही. तो परत आला की मला तिकडची काडीन् काडी कळायची.

"आज पुन्हा विचारलं त्याने," भोंगा सांगायचा. "दरवाजा नीट लागतो का? कुरकुरतो का? म्हणाला, एकदा डोळ्यांनी बघायचाय."

"मग खुर्ची रिकामीच आहे की," शिंपी म्हणायचा.

बेकरीवाला मान खाली घालायचा. "नियम त्याचाच आहे. आपण खुर्ची नेली आणि त्याच्या मनाला लागलं तर? त्याने एक शब्द टाकू दे. लगेच नेतो."

तो शब्द काही आला नाही. देणाऱ्या हाताला पसरायची सवय नसते, मित्रांनो. दर बैठकीत आजारी भावासाठी प्रार्थना व्हायची. सगळे डोळे मिटायचे, आणि मी त्यांच्या पाठीमागे रिकामी उभी असायची. मला तोंड असतं, तर मी तेव्हाच ओरडले असते.

एका संध्याकाळी प्रार्थना चालू असताना सुताराची बायको दारात येऊन उभी राहिली.

"या वहिनी," बेकरीवाला गडबडला.

"भाऊजी, तुम्ही यांच्यासाठी प्रार्थना करता, देव तुमचं भलं करो. पण ही खुर्ची तिसऱ्या गल्लीत काय देवाने स्वतः उचलून आणायची?"

 बेकरीवाल्याने मला उचललं आणि तो थेट पळत सुटला. भोंगा मागे. त्या दिवशी जिन्यात कुणी थट्टा केली नाही.

सुताराने मला पाहिलं. केवढा वाळला होता! चांगला हात माझ्या फळीवर ठेवून त्याने विचारलं, "कुणाकडून काढून आणलीत?"

"कुणाकडून नाही रे. रिकामीच होती."

"केव्हापासून?"

बेकरीवाला बोलण्यात कधी हरला नव्हता. त्या प्रश्नावर मात्र तो खाली वाकून माझी चाकं पुसू लागला.

दोघांनी त्याला माझ्यावर बसवलं. इतके दिवस पडून राहून त्याची मान ठरत नव्हती. शाल बांधली. दारापर्यंत नेलं, तेवढ्यात तो घामाघूम झाला. "आज राहू दे, उद्या सकाळी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला नेऊ," बेकरीवाला म्हणाला. सुतार हसला. म्हणाला, "चालेल."

सकाळी तो तापाने फणफणला होता. पुढच्या मिस्सेलाही जमलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. बंधूंनी त्याला चर्चमध्ये नेलं ते खांद्यावर. नव्या दरवाजाच्या दोन्ही फळ्या सताड उघड्या होत्या. ज्याला त्या बघायच्या होत्या, त्याचे डोळे मिटलेले होते.

नंतर मंडळाने तो नियम काढून टाकला. आता प्रत्येक बैठकीत आधी विचारतात, "आपल्यापैकी कुणाला काही हवंय का?" सगळे आपापल्या चपलांकडे बघतात. नियम मोडायला एक ठराव लागला. सवय अजून मोडायची आहे.

म्हणून सांगते, मित्रांनो. तुमच्या घरात, शेजारात, जो सगळ्यांसाठी धावतो ना, त्याच्याकडे नीट बघा. तो मागेल म्हणून थांबू नका. तो मागणार नाही.

हल्ली बेकरीवाल्याचा गुडघा गेलाय. बैठकीला येताना भिंत धरत येतो. जाताना माझ्या पाठीवर थाप मारतो, थोडा वेळ उभा राहतो आणि लंगडत एकटाच घरी जातो. मी रिकामी आहे. कुणीतरी मला त्याच्यामागून ढकलत न्या.