सजद्यातून उठताना

माझा नवरा रसूल स्वयंपाकघरात एका पायावर उभा राहायला लागला, तेव्हा मला रागच आला. सत्तरीच्या माणसाला हे काय सुचावं? आणि तेही मी खाली भाजी निवडत बसलेली असताना, नेमकं माझ्या पुढ्यात.

"आवं, भाईर जाऊन करा की," मी म्हणाले.

"भाईर धराय काय हाय? मॅडमनी वट्टा धरून करा म्हणून सांगितलंय."

मॅडम म्हणजे सांगलीच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या. उन्हाळ्यात हे मोरीत पडले आणि तेव्हापासून यांचा तोल जायचा. माधवनगरात उभा जन्म मागांची दुरुस्ती करण्यात गेलेला माणूस, पण आता नमाज खुर्चीत बसून पढायची वेळ आली. सजद्याला कपाळ जमिनीवर टेकवलं, तर उठताना पडायची भीती. "कपाळ टेकल्याबिगर नमाज पढल्यागत वाटत न्हाई गं," म्हणायचे, आणि मला भरून यायचं. पण पुन्हा पडले तर अंथरुणालाच खिळतील, म्हणून मी त्यांना खाली बसू देत नव्हते.

एका सकाळी मेथी निवडता निवडता माझी नजर त्यांच्या पावलावर गेली आणि तिथेच राहिली. वर बघावं तर माणूस खांबासारखा उभा. खाली मात्र नुसती धावपळ. अंगठा फरशी दाबत होता, करंगळी उचलली जात होती, घोट्याजवळची शीर सारखी ताणत आणि सुटत होती. तोल जरा डावीकडे गेला की पाऊल त्याला परत आणत होतं. उभा दिसणारा माणूस क्षणाक्षणाला पडत होता आणि सावरला जात होता, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. केवढी ही अल्लाची करणी. इतकी वर्षं मी त्या पायांना तेल चोळलं, पण ते काय काय करतात हे कधी बघितलंच नव्हतं. मेथी तशीच राहिली.

मग मी रोजच बघत बसायला लागले. कधी ते फरशीच्या रेघेवर टाचेला बोटं लावत चालायचे, कधी हात न टेकता खुर्चीवरून उठायचे. हळूहळू वट्ट्यावरचा हात सुटत गेला. आधी नुसतं एक बोट राहिलं, मग तेही गेलं.

थंडी पडायला लागली तेव्हा एका दुपारी त्यांनी खाली नमाजाची चटई, मुसल्ला अंथरला.

"हात लावायचा न्हाई, शमशाद. पडलो तरी न्हाई."

मी दारात उभी राहिले. ते वाकले, गुडघ्यांवर आले, कपाळ जमिनीला टेकलं. किती वेळ टेकलेलं होतं कोण जाणे, मला तो फार वाटला. नमाजाच्या एका फेरीत दोन सजदे असतात, ते दोन्ही झाले. मग पायाची बोटं वळली, गुडघे सुटले आणि ते डुलत डुलत वर आले. माझे हात आपसूक पुढे गेले होते, ते मी मागे घेतले. घोटा थरथरला, अंगठ्यानं जमीन धरली, आणि माणूस उभा राहिला.

नमाज अजून संपला नव्हता. थोड्या वेळानं ते पुन्हा खाली वाकले. या वेळी मी त्यांच्याकडे पाठ केली आणि आत भाजी निवडायला गेले.