गुडघे साहेबांचे, बोल्ट माझे

मी लखनऊमधल्या जानकीपुरमच्या एका गल्लीत, शेजाऱ्यांच्या आंब्याखाली उभी असलेली चंदेरी गाडी बोलतेय. 'जुनी दिसते' असं पुटपुटू नका. दिसते कसली, आहेच मी जुनी. आंब्याला मोहोर आला की माझं छत चिकट होतं आणि उन्हाळ्यात वरून कैऱ्या पडतात. एवढं सोडलं तर जागा चांगली आहे.

माझा जन्म हरियाणातल्या एका कारखान्यात झाला. तिथे जन्माचं कौतुक कुणाला नसतं. मी पट्ट्यावरून पुढे सरकत गेले. कुणी दारं बसवली, कुणी काचा बसवल्या, आणि एकाने डॅशबोर्डखाली डोकं घालून माझा स्टेअरिंग कॉलम आवळला. तुम्ही ज्या गोल चाकावर हात ठेवता, त्याला खालून धरून ठेवणारी नळी म्हणजे हा कॉलम. तो एका ब्रॅकेटला बोल्टांनी टांगलेला असतो. पण ते दिसत नाहीत, म्हणून त्यांची आठवण कुणाला येत नाही. सीटकव्हर मात्र सगळ्यांना दिसतं.

माझे पहिले मालक छावणीतले एक मेजर. तिथले रस्ते शांत, मेजर दोन बोटांनी मला वळवायचे. त्यांची बदली झाली आणि त्यांनी मला विकलं. जाताना बोनेटवर एक थाप मारली, बस. मला वाईट वाटलं. पण फौजी माणूस, आणखी काय करणार?

मग मी भास्कररावांकडे आले. हे रेल्वेत इंजिनिअर, मूळचे अकोल्याचे. बदलीवर लखनऊला आले आणि इथलेच झाले. पत्नी सुचित्राताई, मुलगी पूर्वा. मराठी मी यांच्याकडूनच शिकले. भास्करराव पुढून मराठीत विचारायचे, पूर्वा मागच्या सीटवरून हिंदीत उत्तर द्यायची, आणि दोघांना त्यात काही वेगळं वाटायचं नाही. दसऱ्याला सुचित्राताई मला झेंडूची माळ घालायच्या, तेव्हा गल्लीतल्या बायका विचारायच्या, "भाभीजी, आज गाड़ी का बर्थडे है क्या?" त्या हसून हो म्हणायच्या. मला तो मान आवडायचा, खोटं कशाला बोलू?

भास्करराव निवृत्त झाले आणि त्यांचे गुडघे कुरकुरू लागले. सुचित्राताई म्हणायच्या, "अहो, डॉक्टरांना दाखवू या ना." ते म्हणायचे, "थंडीमुळे आहे. मार्चमध्ये जाईल." मार्च आला आणि गेला, गुडघे होते तसेच राहिले. पण बोलायचं नाही. कारण बोललं की गाडी चालवणं बंद होईल, याची त्यांना धास्ती होती. नोकरी गेलेल्या माणसाला स्वतःच्या हाताने गाडी काढून भाजी आणणं किती मोठं वाटतं, ते मी जवळून पाहिलं आहे.

माझी सीट खाली, त्यातून उठणं कठीण. मग त्यांनी एक युक्ती काढली. दार उघडायचं, दोन्ही पाय बाहेर काढायचे, उजवा हात दाराच्या चौकटीवर, डावा माझ्या स्टेअरिंगवर. आणि "हं!" म्हणून अंगाचा सगळा भार माझ्यावर टाकून उभं राहायचं. बँकेत गेले तरी तेच, देवळात गेले तरी तेच. अहो, स्टेअरिंग वळवायला असतं, ते काही जिन्याचा कठडा नव्हे! माझे बोल्ट हळूहळू सैल होत गेले. मला कळत होतं, पण मला तोंड कुठे आहे? खड्ड्यात 'टक' वाजायचं, तेवढीच माझी भाषा. भास्कररावांना त्याची इतकी सवय झाली की ते त्यांना ऐकूच येईना.

अशात पूर्वाला अमौसीला विमानतळावर नोकरी लागली. जानकीपुरम एका टोकाला, अमौसी दुसऱ्या. "माझी गाडी घेऊन जा," भास्करराव रुबाबात म्हणाले. मला आनंद झाला आणि काळजीही वाटली.

पहिल्याच आठवड्यात पूर्वा म्हणाली, "बाबा, स्टेयरिंग हिल रहा है."

"कोणत्या बाजूला ओढते? डावीकडे का उजवीकडे?"

"किसी तरफ नहीं. ऊपर-नीचे."

"वर-खाली काही नसतं गं. चाकं बघायला हवीत."

आता यात त्यांचा तरी काय दोष? सगळा जन्म रेल्वेत गेला. तिथे डबा डोलला की आधी चाक बघायचं, मग रूळ. रेल्वेला स्टेअरिंग नसतंच, तर ते सैल होईल हे डोक्यात येणार कसं? त्यांनी मला गजेंद्र मिस्त्रीकडे नेलं आणि स्वतःच निदान सांगितलं, "पहिया देखो." गजेंद्रने चाकं पाहिली. अलाइनमेंट केलं, टायर पुढचे मागे केले, खालचे सांधे बदलले. "इंजीनियर साहब, अब मक्खन चलेगी," तो म्हणाला. रोग पोटात आणि औषध पायाला. मी निमूटपणे जॅकवर चढत होते आणि उतरत होते.

'टक' काही गेलं नाही, तेव्हा चाकांनंतर भास्कररावांनी रुळाला, म्हणजे लखनऊच्या रस्त्यांना, दोष दिला.

मग ती सकाळ आली. कानपूर रोडवर पुढे एक ई-रिक्षा अचानक थांबली. पूर्वाने ब्रेक दाबून मला वळवलं, आणि माझं स्टेअरिंग तिच्या हातात खाडकन खाली आलं. मी वळले खरी, रिक्षाही वाचली. पण पोरगी घाबरून पांढरी पडली. बाजूला गाडी लावून ती दोन्ही हात स्टेअरिंगवरून काढून बसून राहिली. मला तिची फार दया आली आणि स्वतःची लाज वाटली.

घरी येऊन तिने किल्ली बोनेटवर आपटली. "मैं कैब से जाऊँगी. और आप भी मत चलाइए, बाबा. बेच दीजिए इसे."

सुचित्राताईंनीही भास्कररावांना ऐकवलं, "पोरगी इतके दिवस सांगतेय. तिला काही झालं असतं म्हणजे?" त्या संध्याकाळी ते माझ्याजवळ येऊन नुसते उभे राहिले. ते हादरले होते.

रविवारी त्यांनी पूर्वाला बोलावलं. "आज पद्धतशीर बघू. तू म्हणशील तसं."

इंजिन बंदच होतं. त्यांनी स्टेअरिंग थोडं डावी-उजवीकडे फिरवलं. चाकं लगेच हलली. "म्हणजे इथून चाकांपर्यंत सगळं ठीक आहे." मग त्यांनी ते धरून वर-खाली केलं. टक. "अच्छा," ते हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे तू बरोबर होतीस. दोष डॅशबोर्डखाली आहे."

खाली डोकावायला ते वाकले आणि अर्ध्यातच दार धरून थांबले. गुडघा वाकेना. "तूच बघ."

पूर्वा डाव्या दारातून सीटवर आडवी झाली आणि मोबाईलचा टॉर्च लावून डॅशबोर्डखाली बघू लागली. "बोल्ट दिख रहे हैं. अब ज़ोर लगाइए."

त्यांनी बाहेरूनच हात घालून स्टेअरिंग हळूच दाबलं.

"ऐसे नहीं, बाबा. जैसे आप रोज़ उतरते हैं, वैसे."

भास्करराव सीटवर बसले, पाय बाहेर काढले, डावा हात माझ्यावर ठेवला आणि उठले. "हं!"

"रुकिए! पूरा ब्रैकेट खुल रहा है."

ते तसेच खाली बसले. मग पूर्वाने खालूनच विचारलं, "घुटने में दर्द कब से है?"

"दिवाळीपासून."

"कौन सी दिवाली?"

"मागची नव्हे. तिच्या मागची."

"बताया क्यों नहीं?"

"तुम्ही गाडी काढून घेतली असती माझी." आणि मग, जरा थांबून, "आणि न सांगता तुलाच तीत बसवलं मी. चुकलं माझं, बाळा." मला इतक्या वर्षांत त्यांचा असा आवाज माहीत नव्हता.

गजेंद्र घरीच आला. चहा निवायच्या आत त्याने नवे बोल्ट घालून आवळले. "साहब, आप पहिया-पहिया बोलते रहे, हम पहिया-पहिया करते रहे," तो म्हणाला, आणि दोघेही खजील होऊन हसले.

आता मी बरी आहे. पूर्वा मला अमौसीला नेते. भास्कररावांच्या गुडघ्यांवर इलाज सुरू झालाय, आणि डॉक्टरांनी जवळपास चालवायची परवानगी दिली आहे. सीटवर एक जाड उशी आली आहे. माझं एवढंच मागणं आहे, मंडळी: तुमच्या गाडीत काही खडखडलं तर जो सांगतोय त्याचं ऐका. आणि दुखत असेल तर घरच्यांना सांगा. आम्हा गाड्यांवर भार टाकलात, तर आम्ही तो दुसऱ्याच कुणाच्या हातात सोडून देतो.

परवा भास्करराव एकटेच भाजी घेऊन आले. आंब्याखाली मला उभं केलं, दार उघडलं, पाय बाहेर काढले. डावा हात सवयीने वर उचलला आणि मध्येच थांबला. बराच वेळ ते तसेच बसून राहिले. मग त्यांनी हॉर्न वाजवला. एकदाच, अगदी हळू.

पूर्वा बाहेर आली. काही न विचारता तिने दोन्ही हात पुढे केले.

"तुझे सांधे सैल होतील," ते म्हणाले.

"कसवा लेंगे. उठिए."

ते तिचे हात धरून उठले. माझं स्टेअरिंग तसूभरही हललं नाही.