आकड्यांची छकुली

मी एका हृदयाची प्रतिकृती बोलतेय. रक्तमांसाची नव्हे, आकड्यांची. संगणक सुरू केला की पडद्यावर धडधडते.

माझं मूळ छकुलीत. तान्ही पोर, हृदयाचा अर्धा भाग घडलेलाच नाही. बारीकशी नळी बसवून फुफ्फुसांकडे रक्त वळवलं तर ती जगणार होती. पण नळी केवढी घ्यायची? तिच्यावर करून बघणं शक्य नव्हतं, म्हणून ताईनं मला घडवलं. ताई इंजिनिअर. शून्यातून कोण सुरुवात करतो? मोठ्या माणसाची जुनी प्रतिकृती घेतली आणि तिच्यातला एकेक आकडा बदलून छकुलीचा घातला.

"तुझं यंत्र माझ्या नवऱ्यासारखं आहे," ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या. "विचारलं तेवढंच सांगतं."

"तुमचे तेवढं तरी सांगतात," ताई म्हणाली.

पडद्यावरच्या पहिल्याच फेरीत नळीचं माप जमलं. डॉक्टरबाईंनी छकुलीच्या आईला सांगितलंही, "होईल असं दिसतंय." आई भिंतीला टेकून हसली. त्यातलं 'दिसतंय' तिनं सोडून दिलं. माणसं सोडतातच.

दुसऱ्या दिवशी ताईनं माझे आकडे पुन्हा एकेक करून तपासले. फुफ्फुसांचा आकडा बदलायचा राहिला होता. मी मोठ्या माणसाची मोकळी फुफ्फुसं घेऊन धडधडले होते. छकुलीच्या फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्या आकसलेल्या होत्या.

खरा आकडा घातला. बारीक नळीतून फुफ्फुसांत रक्त चढेना. रुंद नळी हृदयाच्याच वाट्याचं रक्त पळवू लागली. मधल्या मापांची तीच गत. "अजून एकदा बघ गं," डॉक्टरबाई म्हणत राहिल्या. ताई बघत राहिली. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

आईला सांगायला दोघी मिळून गेल्या. ऑपरेशन झालं नाही. छकुली आईच्या मांडीवरच गेली.

काही दिवसांनी आई आमच्या खोलीत आली. "ती पहिली फेरी दाखवता?"

"अहो, ती चुकीची होती."

"माहीत आहे. दाखवा."

ताईनं लावली. मी झकास धडधडले. आई पदराशी चाळा करत बघत होती.

"यात ती मोठी कधी होते?"

"होत नाही. ठोके तेवढे पडत राहतात."

आई उठून गेली. ताई तिला सोडायला गेली, ती अजून आलेली नाही.

मी चालूच आहे, त्याच परक्या फुफ्फुसांवर. येता-जाता कुणीतरी मला बंद करा. छकुलीला थांबता आलं. मला तेवढंही येत नाही.