पूर्ण न वाचलेला प्रश्न

मित्रांनो, मी एक जुना प्रश्न आहे. संगणकात लिनक्स ही कार्यप्रणाली बसवताना, डिस्क पुसण्याच्या अगदी आधी मी पडद्यावर येतो.

मला एका बाईंनी घडवलं. "माणसाला चुकायला जागाच ठेवायची नाही," असं त्या म्हणायच्या. म्हणून माझ्यात 'थांबा' हे उत्तर आधीच निवडलेलं असे, आणि पुढे जायचं तर डिस्कचं नाव स्वतःच्या हाताने लिहावं लागे. एका ग्रंथपालाने कळवलं होतं, "या प्रश्नाने माझी अख्खी सूची वाचवली." तेव्हा मला फार आनंद झाला होता. बाकीचे मात्र म्हणायचे, "किती डोकं खातो हा!"

बाई काम सोडून गेल्या. नव्या लोकांनी मला सुटसुटीत केलं. नाव लिहिणं गेलं, 'थांबा'च्या जागी 'हो' आधीच निवडलेलं राहू लागलं. तेव्हापासून लोक मला न बघताच बटण दाबतात. सुरुवातीला वाईट वाटायचं. आता काही वाटत नाही.

एका ताईंच्या संगणकात दोन डिस्क होत्या, सारख्याच आकाराच्या. एक रिकामी करून तिच्यावर लिनक्स बसवायचं होतं. दुसरीवर ताईंनी अकरा वर्षं गच्चीतून टिपलेले पक्ष्यांचे आवाज होते. तिचं नावही त्यांनी 'पक्षी' ठेवलं होतं. धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, पाच मिनिटांचं काम आहे गं." निवडताना त्याची डिस्क चुकली; माझ्या वर 'पक्षी' हे नाव दिसत होतं, पण कानाला फोन लावून त्याने 'हो' दाबलं. पुसली गेली ती 'पक्षी'.

आठवड्याने ठरलेल्या डिस्कवर लिनक्स बसवायला दोघं पुन्हा पडद्यासमोर बसले. 'पक्षी'वरचे आवाज परत मिळवताना दुरुस्तीवाल्याने हात टेकले होते.

"अरे, पुसण्याआधी काही विचारलं नाही का या संगणकाने?"

"विचारलं होतं."

"मग?"

"वाचलंच नाही गं मी."

मी पडद्यावर आलो तेव्हा ताईंनी चष्मा पुसला आणि मला मोठ्याने, शब्द न् शब्द वाचलं: "वर नाव दिलेल्या डिस्कवरचं सगळं कायमचं पुसलं जाईल. पुढे जायचं?" मी सुटसुटीत झाल्यापासून मला पूर्ण वाचणाऱ्या त्या पहिल्याच. या खेपेस डिस्क बरोबर होती, आणि वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी 'हो' दाबलं.

मित्रांनो, मला वाचायला एक श्वास पुरतो. तो बटण दाबण्याआधी घ्या. आणि तुमच्यापैकी कुणी उद्या माझ्यासारखे प्रश्न घडवणार असेल, तर त्याने 'थांबा' आधी निवडून ठेवावं.