पाहुणे आले की माझं टेबल होतं

मी प्राणवायूचं यंत्र बोलतंय. बोलतंय म्हणजे घरघरतंय. कारखान्यात माझ्यावर ‘अत्यंत शांत’ अशी चिठ्ठी डकवली होती. डकवणारा बहुधा बहिरा असावा.

इराणमधल्या काशानच्या हेश्मतआगांकडे मी सरकारी दवाखान्यातून उसनं आलं. तरुणपणी इराकविरुद्धच्या युद्धात, आघाडीवर, त्यांना लसणाचा वास आला. त्यांना वाटलं, आज जेवण झकास आहे. तो विषारी वायू होता. आगा परतले, फुप्फुसं कामातून गेली.

युद्धातल्या इजेचे टक्के सरकार ठरवतं, त्यावरच मदत मिळते. आगांच्या कागदावर दहाच. ते वाढले नाहीत, तर मला परत नेणार होते. दोनदा तपासणी झाली. “तब्येत कशी?” विचारलं की आगा म्हणायचे, “तुमच्या कृपेनं ठणठणीत!” डॉक्टरही तेच लिहून घ्यायचे.

तिसऱ्यांदा सुनेनं, समानेनं, अर्ज केला : घरी येऊन तपासा. लग्नाला तीन महिने झालेले, बोलणं मोजकं.

डॉक्टर दारात आले तशी आगांनी नाकातली नळी काढली आणि सुनेला म्हणाले, “बंद कर ते. पाहुण्यांसमोर घरघर शोभते का?” माझ्यावर भरजरी कापड आलं, त्यावर पाहुण्यांना फळासारख्या द्यायच्या काकड्यांचं ताट. खोटं कशाला सांगू, मी सुखावलं. आयुष्यात पहिल्यांदाच देखणं दिसत होतं.

“तब्येत?”

“तुमची सावली आहे ना डोक्यावर! काकडी घ्या.”

“नको, आत्ताच खाऊन आलो.”

“माझी शपथ. एक तरी.”

“खरंच नको.”

“घेतल्या... शिवाय... सोडणार...”

ओठ निळे पडले, काकडी मात्र पुढेच. आणि मी? ताट सांभाळत बसलेलं!

समानेनं ताट उचललं, कापड ओढलं, बटण दाबलं, नळी सासऱ्यांच्या नाकाला लावली.

“डॉक्टरसाहेब, एका काकडीच्या आग्रहाला बाबांचा श्वास पुरत नाही. तेवढं लिहा.”

“मुली... लाज काढलीस!” आगा धापा टाकत म्हणाले.

डॉक्टरांनी कागदावरचं ‘ठणठणीत’ खोडलं आणि मुकाट्यानं काकडी घेतली.

टक्के वाढले. मी इथंच आहे, घरघरत. कापड समानेनं पेटीत ठेवून कुलूप लावलंय.

तुम्ही कधी आलात, तर एक करा. पहिल्याच आग्रहाला काकडी उचला. तुमच्या दर ‘नको’मागे आगांचा एक श्वास खर्ची पडतो, आणि तो भरून काढताना माझा आवाज तुम्हालाच ऐकावा लागतो.